प्याद्याचा वजीर : भूमिकाखेळांतील वर्ग आणि पातळ्या

बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक बाजूची सोळा मोहरी मांडलेली असतात. त्यांतील घोडा अखेरपर्यंत अडीच घरेच चालतो. उंट तिरकाच जातो. हत्ती सरळ रेषा सोडीत नाही. त्यांची चाल डाव सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असते आणि कितीही पराक्रम केला तरी ती बदलत नाही. प्याद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. सर्वांत दुबळे असे हे मोहरे एकेक घर पुढे सरकत, मार चुकवीत पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोहोचले, म्हणजे त्याचा वजीर होतो. एकाच पटावर असे दोन निरनिराळे न्याय नांदत असतात. एक न्याय सांगतो की, जो जसा निर्माण झाला तसाच तो राहील. दुसरा सांगतो की, जो वाट चालून जाईल तो बदलेल.

आज घरोघरी संगणकावर आणि मोबाइलवर जे अद्भुतरम्य भूमिकाखेळ खेळले जातात, त्यांचा सारा डोलारा याच दोन न्यायांवर उभारलेला आहे. खेळणाऱ्याने प्रारंभी एक पात्र निवडावयाचे असते. ते लढवय्या असेल, जादूगार असेल, धर्मोपदेशक असेल किंवा चोर असेल. याला ‘क्लास’ अर्थात वर्ग म्हणतात. मग ते पात्र भुयारांत उतरते, राक्षसांशी झुंजते, द्रव्य मिळवते आणि त्याच्या नावावर अनुभवाचे गुण जमा होतात. ठराविक गुण जमले की ते वरच्या पायरीवर जाते. ही ‘लेव्हल’ किंवा पातळी. वर्ग म्हणजे आपण कोण, आणि पातळी म्हणजे आपण कोठवर आलो. या दोन कल्पना आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्या कोणी तरी, केव्हा तरी, काही कारणाने शोधून काढल्या असतील याची आठवणही खेळणाऱ्यांस राहिलेली नाही. तो इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा उगम शोधू गेल्यास वाट भारतापर्यंत येते. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास या देशात चतुरंग हा खेळ प्रचारात होता. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्यास हे नाव पडले. तो इराणात गेला, अरबांनी तो आपलासा केला आणि पुढे तो युरोपात पोहोचला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे हेल्विग नावाच्या गणिताच्या एका शिक्षकाने बुद्धिबळाचा पट विस्तारून सोळाशेहून अधिक घरांचा केला. घरांच्या रंगांवरून डोंगर, पाणी, दलदल ओळखावयाची अशी योजना करून त्याने एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यानंतर प्रशियामध्ये रायस्विट्झ पितापुत्रांनी पटावरची घरेच काढून टाकली आणि खऱ्या भूप्रदेशाच्या नकाशावर खेळ मांडला. तोफखान्यातील अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. प्रशियाचे सेनाप्रमुख फॉन म्यूफ्लिंग यांना हा खेळ इतका पसंत पडला की, सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्याचा उपयोग होऊ लागला.

या प्रशियन खेळातील तीन गोष्टी पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, लढतीचा निकाल फाशांनी लागे; कारण रणांगणावर दैवाचाही वाटा असतो. दुसरी, बुद्धिबळातल्याप्रमाणे एखादे पथक एकदम पटावरून उचलले जात नसे. त्याची हानी अंकांनी मोजून कागदावर टिपली जाई. आणि तिसरी, दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. सेनापतीने आपला हुकूम पंचाकडे द्यावयाचा आणि काय घडले ते पंचाने सांगावयाचे. १८८० मध्ये अमेरिकन सैन्यातील टॉटन या अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ या नावाने अशाच खेळाचा ग्रंथ लिहिला. त्यात पंचाच्या अधिकारास मोठेच स्थान दिलेले होते. हा ग्रंथ पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला.

तो पुन्हा उघडला गेला सुमारे नव्वद वर्षांनी. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांची एक मंडळी होती. त्यांतील डेव्हिड वेस्ली यांच्या हाती विद्यापीठाच्या ग्रंथालयातील ‘स्ट्रॅटेगोस’ पडले. १९६९ मध्ये त्यांनी नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक गावाचा डाव मांडला. दोन सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना त्यांनी गावातील एकेका माणसाची भूमिका दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू आपापल्या कारस्थानांत इतके रंगून गेले की, मूळची लढाई बाजूलाच राहिली. डाव फसला अशी वेस्ली यांची समजूत झाली. परंतु खेळाडूंनी मात्र तसाच आणखी एक डाव मांडण्याचा आग्रह धरला. सैन्यांचा खेळ त्या दिवशी माणसांचा खेळ झाला होता.

त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन या इतिहासाच्या विद्यार्थ्याने १९७१ च्या सुमारास ही कल्पना अद्भुताच्या प्रदेशात नेली. ‘ब्लॅकमूर’ नावाचा एक गड, गडाखाली भुयारे आणि भुयारांत राक्षस. प्रारंभी एकाच फाशाने पात्राचा जीव जाई. जिव्हाळ्याने उभे केलेले पात्र असे क्षणात नाहीसे व्हावे, हे खेळाडूंना रुचेना. तेव्हा आर्नेसन यांनी प्रत्येक पात्रास काही प्राणगुण दिले. खेळाडूंच्या परिभाषेत हेच ‘हिट पॉइंट’. अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती नौकांच्या खेळाच्या नियमांतून आपण ही कल्पना घेतली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. जहाज जसे एका गोळ्याने बुडत नाही, तसा माणूसही एका घावाने पडावयाचा नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एका बैठकीत वाचलेले पात्र पुढच्या बैठकीस तसेच पुढे चाले आणि अनुभवाने अधिक समर्थ होई. डाव संपला तरी पात्राचे आयुष्य संपत नसे.

इकडे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत होते. विमा कंपनीतील त्यांची नोकरी १९७० मध्ये सुटली होती आणि जोडे दुरुस्त करून ते संसार चालवीत होते. जेफ पेरेन यांच्या सहकार्याने त्यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ या नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले. त्यास जोडलेल्या पुरवणीत अद्भुत पात्रे होती. तेथे ‘हीरो’ हा चार माणसांइतका लढे आणि ‘सुपरहीरो’ आठ माणसांइतका. आर्नेसन यांनी आपल्या गडावर हेच नियम वापरले. साध्या माणसाने पराक्रम करून हीरो व्हावे आणि हीरोने सुपरहीरो व्हावे, अशी वाट मोकळी झाली. परंतु एक आणि चार यांच्यामध्ये, चार आणि आठ यांच्यामध्ये, मोठी दरी होती. ती भरण्यासाठी मधल्या पायऱ्या घातल्या गेल्या. पातळी या कल्पनेचा जन्म येथे शोधावा लागतो.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हास जाऊन आपला खेळ दाखविला. दोघांनी मिळून नियम सिद्ध केले; पण प्रकाशक मिळेना. शेवटी गायगॅक्स यांनी डॉन के या बालमित्राबरोबर १९७३ मध्ये स्वतःचीच संस्था काढली आणि १९७४ च्या जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका आणि किंमत दहा डॉलर. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आज जगभर चालणाऱ्या या अवाढव्य व्यवसायाचा आरंभ एवढाच.

त्या पुस्तिकांत वर्ग तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. यांतील धर्मोपदेशकाची जन्मकथा गमतीची आहे. ब्लॅकमूरच्या खेळात ‘सर फँग’ नावाचे एक पात्र रक्तपिपासू वेताळ झाले आणि ते कोणासच आवरेना. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी पिशाच्चे पळवून लावणाऱ्या पाद्र्याची योजना करावी लागली. या पात्राने धारेचे शस्त्र वापरू नये, सोटा किंवा गदाच वापरावी, असा नियम होता. फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकाच्या प्रसिद्ध भरतकामात विल्यम राजाचा सावत्र भाऊ बिशप ओडो हाती सोटा घेऊन घोड्यावर बसलेला दिसतो. त्या चित्राशी या नियमाचा संबंध जोडला जातो. १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीने चोर हा चौथा वर्ग आणला. पुढील अर्धशतकात वर्ग शेकडो झाले. पण नीट पाहिल्यास बहुतेक सारे या चौघांचेच वंशज आहेत असे दिसून येईल.

प्रत्येक पायरीस एकेक बिरूद होते. लढवय्यांच्या शिडीवर चौथे बिरूद ‘हीरो’ आणि आठवे ‘सुपरहीरो’. म्हणजे ‘चेनमेल’मधील चार आणि आठ माणसांचे बळ येथे बरोबर आपल्या जागी येऊन बसले. धर्मोपदेशकाच्या शिडीवरची बिरुदे तर पाहण्यासारखीच आहेत. तेथे ‘व्हिकर’च्या वर ‘क्युरेट’ आहे, वास्तविक इंग्लंडच्या चर्चमध्ये क्युरेट हा व्हिकरचा मदतनीस असतो. त्याच्या वर ‘बिशप’ आणि बिशपच्याही वर तिबेटातील ‘लामा’! कोणत्याही धर्मसंस्थेत अशी उतरंड सापडणार नाही. शब्दकोशातून भारदस्त नावे वेचावीत आणि त्यांना क्रमांक द्यावेत, असा तो प्रकार होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खेळातील शिडी ही जगातील शिडीचे चित्र नव्हते. ती खेळासाठी बांधलेली होती.

तिची बांधणी मात्र विचारपूर्वक केलेली होती. लढवय्यास दुसऱ्या पायरीसाठी २,००० गुण लागत, तिसरीसाठी ४,००० आणि चौथीसाठी ८,०००. जादूगारास दुसरीसाठीच २,५०० लागत, तर धर्मोपदेशकास १,५०० पुरत. पहिल्या पायरीवरील जादूगाराची अवस्था केविलवाणी असे. अंगात चिलखत नाही, हाती केवळ खंजीर, आणि दिवसाकाठी एकच मंत्र. तोही एकदा म्हटला की स्मरणातून जाणारा. ही विसरण्याची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतलेली होती. परंतु तोच जादूगार जगून वाचून वर चढला, तर शेवटी लढवय्या त्याच्यापुढे फिका पडे. आज बळ हवे की उद्या, हा प्रश्न वर्ग निवडतानाच खेळाडूपुढे उभा राही.

गुण मिळत ते राक्षस मारून आणि द्रव्य मिळवून. एका सोन्याच्या नाण्यास एक गुण. राक्षसाबद्दलचे गुण पुढच्या वर्षीच्या पुरवणीत पुष्कळ कमी करण्यात आले. परिणामी शहाणा खेळाडू लढाई टाळून खजिना लांबविण्याची युक्ती शोधी. ज्या गोष्टीस गुण, तीच गोष्ट माणसे करतात, हा धडा परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथपर्यंत प्याद्याच्या न्यायाचे कौतुक झाले. पण त्याच पुस्तिकांत दुसरा, घोड्याचा आणि उंटाचा, न्यायही लपलेला होता. पात्राचे कूळ कोणते, हेही ठरवावे लागे. मनुष्य असल्यास त्याने हवे तितके वर चढावे. परंतु वामनकुळीचा ‘हॉबिट’ लढवय्या चौथ्या पातळीपलीकडे जाऊ शकत नसे आणि ‘ड्वार्फ’ सहाव्या पातळीवर थांबे. ‘एल्फ’ हा लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या पातळीपर्यंतच जाई. गायगॅक्स यांचे म्हणणे असे की, या जगाच्या केंद्रस्थानी मनुष्यच राहावा. इतर कुळांना जन्मतःच काही खास शक्ती दिल्या आहेत, तेव्हा त्यांना मर्यादा हवी. १९८१ मध्ये निघालेल्या सोप्या आवृत्तीत तर कूळ हाच वर्ग ठरला. एल्फ म्हणजे एल्फ, त्याने दुसरे काही व्हावयाचेच नाही. १९७८ च्या विस्तृत नियमग्रंथात स्त्रीपात्राच्या बळासही पुरुषाहून कमी कमाल मर्यादा घातलेली होती. कितीही गुण जमवा, एका ठिकाणी छत डोक्यास लागणारच, असा तो नियम होता. भारतीय वाचकास या मर्यादेचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

हा खेळ संगणकावर जावयास मुळीच वेळ लागला नाही. फासे टाकणे, बेरजा करणे, कोष्टके पाहणे, ही कामे पंचास कंटाळवाणी वाटत. यंत्रास ती बिनचूक करता येत. १९७५ मध्येच अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकप्रणालीवर विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी भुयारांचे खेळ लिहिले. त्यांतील एकाचे नाव ‘पेडिट-५’ असे होते. खेळ आहे हे कोणास कळू नये म्हणून त्याला एखाद्या कामाच्या धड्यासारखे नाव दिले होते; तरी देखरेख करणारे तो पुनःपुन्हा पुसून टाकीत. १९८१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ‘विझर्ड्री’ हा खेळ बाजारात आणला. सहा पात्रांची तुकडी, चार मूळ वर्ग आणि योग्यता मिळाल्यावर उघडणारे चार वरिष्ठ वर्ग अशी त्याची रचना होती. पातळी वाढावी म्हणून तेथे सराईत मुक्काम करावा लागे आणि पात्राची पातळी वाढताना एखादा अंगभूत गुण कमीही होई.

यंत्राने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली. पटाभोवतीचा पंच खेळाडूची युक्ती पाहून, त्याची बाजू ऐकून निकाल देई. यंत्रास तेवढी समज नव्हती. त्यास मोजता येत होते, म्हणून मोजता येण्याजोग्या गोष्टींचेच महत्त्व वाढले. एकाच ठिकाणी फिरत राहून तेच तेच राक्षस तासन्‌तास मारावेत आणि गुण गोळा करावेत, ही रीत रूढ झाली. खेळाडू तिला ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मराठीत दळण हाच शब्द तिला शोभेल.

इंग्लंडमध्ये या शिडीस एक निराळाच अर्थ प्राप्त झाला. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा, अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा खेळ लिहावयास घेतला; पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो पूर्णत्वास नेला. केवळ अक्षरांचा हा खेळ आजच्या सामुदायिक खेळांचा पूर्वज होय. त्यातही पातळ्या होत्या आणि अखेरच्या पातळीस पोहोचणारा ‘विझर्ड’ होऊन खेळाच्या कारभारात भाग घेई. बार्टल यांनी पुढे सांगितले आहे की, ब्रिटनमध्ये माणसाचे स्थान त्याच्या बोलण्याच्या ढबीवरून आणि घराण्यावरून ठरत असे, याची त्या दोघांना चीड होती. माणूस आपल्या कर्तृत्वाने वर जाऊ शकेल असे जग त्यांना हवे होते. बाहेर ते मिळेना, म्हणून त्यांनी ते संगणकात निर्माण केले. इंग्रजीत सामाजिक वर्गास आणि खेळातील वर्गास एकच शब्द आहे, ही गोष्ट येथे सहज आठवते.

अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ मध्ये ‘अल्टिमा-४’ हा खेळ काढून या परंपरेस आणखी एक वळण दिले. येथे पात्राचा वर्ग यादीतून निवडावयाचा नव्हता. प्रारंभी एक भविष्य सांगणारी स्त्री खेळाडूपुढे नैतिक पेच मांडी. सत्य सांगावे की दया दाखवावी, न्याय करावा की त्याग करावा? उत्तरांवरून आठ सद्गुणांपैकी एक प्रधान ठरे आणि त्यानुसार वर्ग मिळे. शौर्यास महत्त्व देणारा लढवय्या होई, तर नम्रतेस श्रेष्ठ मानणारा मेंढपाळ. मेंढपाळ हा सर्वांत दुर्बळ वर्ग होता. नम्रता निवडणाऱ्यास खेळ सर्वांत अवघड जाई. या खेळाचे उद्दिष्टही कोणा दुष्टाचा वध हे नव्हते. आठही सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे, हे ध्येय होते. हा शब्द संस्कृतातूनच घेतलेला आहे. आंधळ्या दुकानदारिणीस कमी पैसे दिले तर त्याचीही नोंद होई. यंत्र केवळ राक्षसांचे मुडदेच मोजते असे नाही, काय मोजावयाचे ते लिहिणारा माणूस ठरवितो, हे या खेळाने दाखवून दिले.

जपानमध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या दोघांचा प्रभाव घेऊन युजी होरी यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. त्यात वर्ग नव्हते. एकटा नायक आणि त्याची चढती पातळी. पातळी वाढली की कोइची सुगियामा यांनी रचलेली एक लहानशी विजयधून वाजे. बोटांत चपळाई नसलेल्या मुलासही चिकाटीच्या बळावर हा खेळ पुरा करता येई, हे त्याच्या लोकप्रियतेचे मर्म होते. १९८८ च्या फेब्रुवारीत तिसरा भाग निघाला तेव्हा शाळा चुकवून मुले दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली. या भागात वर्ग आले आणि वर्गांतराची सोयही आली. विसाव्या पातळीवर पोहोचलेले पात्र एका विशिष्ट मंदिरात जाई. तेथे त्याचा वर्ग बदले, पातळी पुन्हा एकवर येई, अंगचे गुण निम्मे होत. परंतु शिकलेले मंत्र मात्र कायम राहत. त्यात ‘उनाड’ असाही एक वर्ग होता. हे पात्र ऐन लढाईत थट्टामस्करी करीत बसे. इतरांना ‘ऋषी’ होण्यासाठी एक दुर्मिळ ग्रंथ मिळवावा लागे. विसाव्या पातळीचा उनाड मात्र त्या ग्रंथाविनाच ऋषी होई. शाळेतील ज्या मुलाविषयी सर्वांनी आशा सोडलेली असते, त्याच्याविषयीही काही सांगणारी ही योजना आहे.

वर्ग आणि पातळी यांविरुद्ध बंडेही झाली. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात पातळ्या नव्हत्या. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये वर्ग नव्हते, जी विद्या माणूस वापरील ती वाढेल, असा साधा न्याय होता. १९८८ मध्ये ‘फायनल फँटसी’च्या दुसऱ्या भागात हाच न्याय आणला गेला. मार खाल्ल्याने सहनशक्ती वाढते म्हटल्यावर खेळाडूंनी आपल्याच सोबत्यांना झोडपण्यास आरंभ केला! नियम बदलला तरी माणसाचा स्वभाव बदलत नाही. तथापि हा मार्ग बंद पडला नाही. २०११ मधील प्रसिद्ध ‘स्कायरिम’ या खेळात वर्ग मुळीच नाहीत.

२००४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने या शिडीचे मानसशास्त्रच उघड केले. खेळाडूंनी फार वेळ खेळू नये म्हणून चाचणीच्या काळात असा नियम होता की, काही वेळाने पात्र थकते आणि त्यास निम्मेच गुण मिळतात. खेळाडूंनी आरडाओरड केली. तेव्हा रचनाकारांनी आकडे तेच ठेवले आणि नावे बदलली. निम्म्या गुणांस ‘नेहमीचे’ म्हटले आणि पूर्वीच्या पूर्ण गुणांस ‘विश्रांतीचे बक्षीस’. लोक संतुष्ट झाले. शिक्षा आणि बक्षीस यांतील अंतर कित्येकदा नावापुरतेच असते.

याच खेळाची दुसरी कथाही विचार करावयास लावणारी आहे. प्रारंभी कमाल पातळी ६० होती. प्रत्येक नवीन भागाबरोबर ती वाढत गेली. २००७ मध्ये ७०, पुढच्याच वर्षी ८०, आणि २०१८ मध्ये १२०. नव्या खेळाडूस एवढा डोंगर चढण्याचा उत्साह राहीना. शेवटी २०२० मध्ये सर्व आकडे दाबून टाकण्यात आले. १२० व्या पातळीवरचे पात्र ५० वर आले आणि नवी मर्यादा पुन्हा ६० ठरली. नाण्यांची किंमत घसरली म्हणजे सरकार जसे नवे नाणे पाडते, तसाच हा प्रकार झाला. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ या खेळात खेळाडूबरोबर शत्रूही बलवान होत. पुढे पुढे रस्त्यावरचे वाटमारेसुद्धा अत्यंत मौल्यवान चिलखते घालून येऊ लागले. चढणाऱ्याबरोबर डोंगरही वाढत असेल, तर चढल्याचे समाधान कसे मिळावे? सगळ्यांचेच आकडे वाढले तर कोणीच वर गेलेला नसतो.

आता त्या छताचे काय झाले, ते पाहावयाचे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने स्त्रीपात्रांवरील मर्यादा काढून टाकली. २००० मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. तिने कुळांवरील सर्व पातळीबंधने रद्द केली आणि कोणत्याही कुळातील पात्राने कोणताही वर्ग घ्यावा व इतरांप्रमाणेच विसाव्या पातळीपर्यंत जावे, अशी मुभा दिली. पायऱ्यांचे गुणही सर्व वर्गांना सारखेच झाले. २०२० च्या एका पुरवणीने कुळावरून मिळणारे बळ-बुद्धीचे अधिक गुण खेळाडूने हवे तेथे लावावेत असे सांगितले, आणि २०२४ च्या नियमग्रंथात वंशवाचक शब्दच गाळून त्या जागी जीवजाती या अर्थाचा शब्द योजण्यात आला. २०२३ मध्ये गाजलेला ‘बाल्डर्स गेट-३’ हा संगणकावरील खेळ याच परंपरेतील आहे. त्यात बारा वर्ग आणि बारा पातळ्या आहेत आणि ‘हाफलिंग’ या नावाने वावरणारा जुना हॉबिट तेथे चौथ्या पायरीवर अडत नाही.

गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये निवर्तले. दोघांत श्रेयावरून कोर्टकज्जे झाले होते; पण त्यांनी बांधलेली शिडी आता खेळापुरतीही राहिलेली नाही. इंडियाना विद्यापीठात ली शेल्डन या अध्यापकांनी आपल्या वर्गात परीक्षेच्या श्रेणी काढून अनुभवगुण आणले. त्या प्रयोगावर त्यांनी २०११ मध्ये ग्रंथही लिहिला. प्रत्येक विद्यार्थी शून्यावर सुरू होतो आणि प्रत्येक कामाने काहीतरी मिळवितो. नेहमीच्या पद्धतीत तो शंभरापासून सुरू होऊन चुकांगणिक खाली घसरतो, अशी त्यामागची भूमिका आहे. मराठी शाळांत ‘वर्ग’ आणि ‘इयत्ता’ हे दोन शब्द पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण वाटते.

खेळातील शिडी प्रामाणिक असते, म्हणून ती मुलांना आवडते. तेथे श्रम वाया जात नाहीत. किती चाललो आणि किती उरले ते आकड्यांनी समोर दिसते. जगात तसे दिसत नाही. तेथे श्रम करणारा पुष्कळदा खालीच राहतो आणि कोणाच्या डोक्यावर कोठे छत आहे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. मुले खेळात रमतात याचा दोष एकट्या मुलांना देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी या फरकाचा विचार करावयास हवा.

त्याचबरोबर या इतिहासातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. १९७४ मध्ये हॉबिटाने चौथ्या पायरीवर थांबावे हे त्या जगाचा निसर्गनियमच असल्यासारखे वाटे. खेळाडू तो नियम पाळीत आणि पुष्कळांना त्यात काही गैरही दिसत नसे. सव्वीस वर्षांनी तो निसर्गनियम नव्हे, तर एका पुस्तिकेतील एक ओळ होती असे ठरले. दुसऱ्या पुस्तकाने ती ओळ गाळली, आणि तरीही खेळ मोडला नाही. ड्वार्फ आजही ड्वार्फ आहे, एल्फ एल्फच आहे. फरक एवढाच की, आता त्यांतील कोणीही शेवटच्या ओळीपर्यंत चालत जाऊ शकतो. बुद्धिबळाच्या पटावर प्याद्यास हा अधिकार शतकानुशतके होता. इतरांस तो देण्यास अडचण होती ती पटाची नव्हे, नियम लिहिणाऱ्यांचीच.